विश्लेषण : व्हिडीओ पाहून मुले सुरक्षित दुचाकी शिकतील का?

बोरिवलीतील गोराई वसाहत असो की खाडीपलीकडचे, उत्तनमार्गे भाईंदरला जोडलेले गोराई गाव. दहावी झाली की अनेक घरांत मुले दुचाकीची किल्ली मागू लागतात. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ७४ हजार ८९७ जण, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवर होते. मग १८ वर्षांपर्यंत मुलांना काहीच शिकवायचे नाही का?

कायदा काय सांगतो?

गिअरच्या दुचाकीसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. नेहमीच्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना मिळत नाही.

सध्या व्हिडीओ कुठे दाखवतात?

राज्यात २०२१ पासून शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या देता येते. त्याआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडीओ पाहावा लागतो. मात्र व्हिडीओ नुसता सुरू असणे आणि त्यातून शिकणे यांत फरक आहे.

ब्रिटनमध्ये काय करतात?

तिथे नोव्हेंबर २००२ पासून धोका ओळखण्याची चाचणी आहे. उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात. त्यांत १५ धोके हळूहळू समोर येतात. धोका जितक्या लवकर ओळखला, तितके गुण जास्त. उत्तीर्ण होण्यासाठी ७५ पैकी ४४ गुण लागतात.

घरी हे कसे करावे?

गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला रस्त्याचा साधा व्हिडीओ लावा. मध्येच थांबवा आणि विचारा, ‘आता पुढे काय होईल?’ थांब्यावरच्या बसपुढून कोणी धावत येईल का? उभ्या टॅक्सीचे दार उघडेल का? साचलेल्या पाण्याखाली खड्डा असेल का? उत्तर मिळाल्यावरच व्हिडीओ पुढे न्या. सोबत हिशेबही सांगा : ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर अंतर संपलेले असते. म्हणजे १२ मीटर लांबीच्या दोन बसहून जास्त.

व्हिडीओ पुरेसा आहे का?

नाही. व्हिडीओने नजर तयार होते, हात नाही. दोन्ही ब्रेकचा मेळ, क्लच, ओल्या रस्त्यावरचे वळण हे शिकाऊ परवाना मिळाल्यावर, हेल्मेट घालून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकावे लागते. पण किल्ली हाती येईल त्या दिवशी मुलाची नजर तयार असेल, तर पहिल्याच चौकात त्याचा उपयोग होईल.