वणव्यानंतरचे गवत

मेळघाटच्या उतारांवरचे गवत फाल्गुन-चैत्रात वाळून पिवळे पडते आणि वणवा लागला की बघता बघता राख होते. तरीही त्यातील पवना, डोंगरी, मारवेल, कुसळी यांसारखी बहुवर्षायू गवते, म्हणजे ज्यांचा बुंधा वर्षानुवर्षे जिवंत राहतो अशी गवते, सहसा मरत नाहीत, कारण आगीत जाते ते बहुतांशी आधीच निर्जीव झालेले पाते. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो, गवताचा मात्र जमिनीलगत किंवा मातीच्या किंचित खाली. वाळल्या गवताची आग झपाट्याने पुढे सरकते, माती उष्णता सहज वाहू देत नाही, आणि त्यामुळे वाचलेले डोळे मुळांत व बुंध्यात साठलेल्या अन्नावर पुन्हा फुटवे काढतात. ज्वारीचा किंवा उसाचा खोडवा पाहिलेल्या शेतकऱ्यास ही क्रिया परकी नाही, आणि ही दोन्ही पिके या रानगवतांच्याच कुळशाखेतील आहेत.

कुसळीची तऱ्हा याहून विलक्षण आहे. तिच्या बियाला जोडलेले लांब, ताठ कुसळ दमट हवेत उलगडते व कोरड्या हवेत पीळ घेते, आणि या आळीपाळीच्या फिरण्याने बी मातीत रुतत जाऊन आगीपासून वाचते. धुराच्या संपर्काने या बियांची उगवण वाढते, असेही प्रयोगांत आढळले आहे.

उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतील बरीचशी उंच गवते याच कुळशाखेतील असून कॅन्सस राज्यात ती कुरणे वसंतात मुद्दाम पेटवली जातात. परंतु ते उदाहरण वऱ्हाडाला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. तेथे आगीपाठोपाठ पावसाचा हंगाम येतो, तर येथे मार्चमधील वणवा आणि मृगाच्या सरी यांच्यात तीन महिने जमीन उघडी तापते, आणि पहिल्याच जोरदार पावसात राखेतील स्फुरद व पालाश मातीसह नाल्याला लागतात. नत्र तर जळतानाच बरेचसे हवेत गेलेले असते. खरा घात दरवर्षीच्या वणव्याने होतो. तीच टेकडी पुन्हा पुन्हा जळाली आणि कोवळ्या फुटव्यांवर लगेच गुरे सुटली, तर बुंध्यातील साठा भरून निघत नाही, सकस पवना मागे हटतो व कुसळी माजते, जिला कुसळे धरल्यावर गुरे तोंड लावत नाहीत.

म्हणूनच उन्हाळ्यापूर्वी वनविभाग काढत असलेल्या जाळरेषांना, म्हणजे गवत कापून व जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांना, येथे मोठे मोल आहे. गवताचे बुंधे टिकणे पक्ष्यांसाठीही महत्त्वाचे आहे: अकोला जिल्ह्याच्या माळरानांत तणमोर हा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात जमिनीवरच अंडी घालतो, आणि मृगानंतर बुंध्यांनी नव्याने उभे केलेले गवत हाच त्याचा आडोसा असतो.