मागे राहिलेल्या: रोमन महाकाव्यांतील स्त्रिया

ट्रॉय जळत असताना एनिअस घराबाहेर पडतो. खांद्यावर म्हातारा बाप, बोटाला धरलेला मुलगा. बायको क्रेउसाने थोडे अंतर राखून मागून यायचे, असे त्यानेच ठरवलेले. वेशीबाहेर पोचल्यावर पाहतो, तर ती नाही. तो वेड्यासारखा परत धावतो, पण भेटते ती तिची छाया. परक्या मुलखात राज्य आणि राजघराण्यातली बायको तुझी वाट पाहते आहे, असे तीच त्याला सांगते. व्हर्जिलच्या ‘एनिड’च्या १२ सर्गांपैकी हा दुसराच, पण नवे नगर वसवण्याची किंमत कोण मोजणार, ते इथेच कळते.

डायडो तर स्वतःच नगर वसवणारी. भावाने नवऱ्याचा खून केला, तेव्हा टायरहून माणसे आणि खजिना घेऊन ती आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. एनिअस येतो तेव्हा कार्थेजचे तट चढत आहेत, ती न्यायनिवाडा करते आहे, कामे वाटून देते आहे. प्रेमात पडते आणि बुरूज अर्धवट राहतात. देवाज्ञेने तो निघून जातो. त्याच्याच तलवारीने ती जीव देते आणि मरताना दोन्ही वंशांत कायमचे वैर मागते. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज बेचिराख केले होते. त्या शत्रुनगरीच्या राणीलाच व्हर्जिलने काव्यातले सर्वांत जिवंत पात्र केले. पुढे पाताळात एनिअस रडत तिची समजूत घालतो. ती अक्षरही न बोलता पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते.

हे मौन तिचे स्वतःचे. लॅव्हिनियाचे तसे नाही. एनिअस इटलीत पोचल्यावर जिच्या लग्नावरून सारे युद्ध पेटते, तिच्या तोंडी कवी एकही वाक्य घालत नाही; ती फक्त लाजते. रणात उतरलेली कॅमिला शत्रूच्या सोनेरी पोशाखामागे धावताना मारली जाते, आणि कवी त्या हावेला ‘बायकी’ म्हणतो. एनिअसच्या बाजूचा तरुण युरिएलस लुटलेल्या शिरस्त्राणाच्या चकाकीने पकडला जातो, एनिअसचा प्रतिस्पर्धी टर्नस लुटलेल्या पट्ट्यापायी मरतो. त्यांच्या हावेला मात्र ‘पुरुषी’ असे विशेषण लागत नाही.

पुढच्या कवींनी हा धागा आपापल्या परीने ओढला. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये बलात्कार करून जीभ छाटलेली फिलोमेला आपली कहाणी मागावर विणून बहिणीकडे पाठवते. ल्यूकनच्या महाकाव्यातली चेटकीण एरिक्थो प्रेताला बोलते करून त्याच्याकडून भविष्य वदवते. आणि स्टेशिअसच्या ‘थीबेइड’मध्ये मृतांना अग्नी देऊ नये ही राजाज्ञा मोडून आर्जिया रात्री रणभूमीवर नवऱ्याचे प्रेत धुंडाळते. ओळख पटते ती तिनेच विणलेल्या वस्त्रावरून. त्याची बहीण अँटिगनी येऊन मिळते आणि दोघी मिळून त्याला अग्नी देतात.

क्रेउसा मागे चालत हरवली होती. आर्जिया मात्र मागे राहिलेल्याला शोधायला स्वतः निघते. थीब्झचे युद्ध संपते तेव्हा स्टेशिअस विजयाची मिरवणूक काढत नाही. त्याची कथा थांबते ती विधवांच्या आक्रोशापाशी.