पंचवीस गुंठ्यांचा भराव

लेखमाला : पाणथळ आणि कायदा – भाग ६

२००७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, प्रीस्ट लेक या डोंगरांमधल्या तलावाजवळ, एका रिकाम्या प्लॉटवर खडी आणि वाळूचा भराव पडू लागला. प्लॉट ०.६३ एकराचा, म्हणजे आपल्या हिशेबाने पंचवीस गुंठ्यांचा. मायकेल आणि शँटेल सॅकेट या दांपत्याने तो २००४ मध्ये २३,००० डॉलरला घेतला होता. त्यांना तिथे घर बांधायचे होते. स्थानिक काउंटीचा बांधकाम परवाना त्यांच्या हातात होता. जमीन ओली, म्हणून आधी भराव घालून ती उंच करून घ्यायची होती. जवळपास अर्धा एकर भरून झाला तेव्हा ईपीए या संघराज्याच्या पर्यावरण संस्थेची माणसे तिथे आली. ही पाणथळ आहे, इथे भराव घालायला संघराज्याचा वेगळा परवाना लागतो, तो कुठे आहे, असे त्यांनी विचारले. तो परवाना काढलेलाच नव्हता.

एवढ्याशा प्लॉटवरून सोळा वर्षे वाद चालला. तो दोनदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये जो निकाल लागला त्याने त्या देशातल्या लाखो एकर पाणथळींवरचे संघराज्याचे संरक्षण उठले. मागच्या भागापर्यंत आपण भारतातल्या नियमांची घडण पाहिली. आज हा परदेशी खटला घेतला आहे, कारण तलावाचा काठ कसा जातो हे त्यात फार स्वच्छ दिसते. काठ एकदम जात नाही, एकेका प्लॉटने जातो. आणि कायदा डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यापुरताच राहिला, तर हे थांबवणे त्याच्या हाती उरत नाही.

आधी जागा समजून घेऊ. सॅकेट यांचा प्लॉट तलावाला लागून नाही. तलाव आणि प्लॉट यांच्यामध्ये एक रस्ता आणि घरांची एक रांग आहे. अंतर सुमारे तीनशे फूट. प्लॉटच्या दुसऱ्या बाजूला तीस फुटी रस्ता, त्यापलीकडे एक बिननावाचा ओहोळ. तो ओहोळ एका ओढ्याला मिळतो आणि ओढा तलावाला. ओहोळाच्या बाजूला मोठी दलदल पसरली आहे. प्लॉटवर उभे राहिले तर तलावाचे पाणी जमिनीला येऊन भिडलेले कुठेच दिसत नाही. मग ही जागा तलावाची कशी, हा मालकाचा प्रश्न. साध्या नजरेने पाहिले तर तो चुकीचाही वाटत नाही.

उत्तर मातीत आहे. एखादी जागा पाणथळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने १९८७ मध्ये एक हस्तपुस्तिका काढली. हा विभागच भरावाचे परवाने देतो. त्या पुस्तिकेप्रमाणे तीन गोष्टी पाहायच्या : तिथे काय उगवते, माती कशी आहे आणि पाणी किती काळ मुरून राहते. तपासणीला आलेला माणूस फावड्याने हात-दीड हात खोल खड्डा घेतो, मातीचे ढेकूळ काढून मोडतो आणि त्याचा रंग रंगपुस्तिकेतल्या चौकोनांशी ताडून पाहतो. हवा खेळत असलेल्या मातीत लोह तांबूस-पिवळे असते. माती काही आठवडे पाण्याने गच्च राहिली की सूक्ष्मजीव तिच्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मग आपली गरज लोहावर भागवतात. लोह विरघळते, हळूहळू वाहून जाते, माती राखाडी पडते, कधी निळसर. मुळांच्या कडेने मात्र गंजासारख्या तांबड्या रेघा राहतात, कारण पाणवनस्पती आपल्या पोकळ देठांतून हवा खाली नेतात. अशी राखाडी माती आणि तिच्यात तांबड्या रेघा दिसल्या, की वरची जमीन त्या दिवशी कितीही कोरडी असली तरी पाणी इथे वर्षानुवर्षे येऊन राहत आले आहे हे ओळखावे. कागद खोटे करता येतात, मातीचा हा रंग एका रात्रीत कुणाला बदलता येत नाही. म्हणून तर भराव घालायची घाई असते. खडीखाली गेलेली माती कोण उकरून पाहणार?

आपल्याकडे हे जास्तच लागू पडते. पाऊस चार महिन्यांचा. एप्रिल-मेमध्ये तलावाचा काठ भेगाळतो, गुरे चरतात, मुले क्रिकेटची खेळपट्टी आखतात. लव्हाळे वाळून जाते, पाणकणसाचे बुडखे तेवढे राहतात. ‘इथे पाणी आहे कुठे?’ हे मालक विचारतो ते नेमके याच दिवसांत, आणि मुरमाचे डंपरही याच दिवसांत येतात.

अशा जागेचा तलावाला उपयोग काय? वरच्या उतारावरून येणारे पाणी आपल्याबरोबर माती आणते आणि मातीच्या बारीक कणांना चिकटून फॉस्फरस येतो. शेतातल्या खताचा, घरांच्या सांडपाण्याचा. काठावरच्या गवताळ, सखल भागात पाण्याचा वेग मंदावतो, कण तळाशी बसतात आणि फॉस्फरस तिथेच अडकतो. नायट्रेटची गोष्ट आणखी विलक्षण आहे : बिनऑक्सिजनच्या चिखलातले जिवाणू त्याचे साध्या नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. हे काम करणारे दुसरे यंत्र उभारायचे तर सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधावे लागते. काठ भरला की हे दोन्ही थेट तलावात उतरतात, आणि काही वर्षांनी गावकरी विचारतात, पाणी हिरवे का झाले, मासे का मेले. तोवर भराव घालणाऱ्याचे घर बांधून झालेले असते, बहुधा विकूनही झालेले असते.

एका प्लॉटने तलाव हिरवा होत नाही, हे खरे. त्यामुळे प्रत्येक मालकाला आपला भराव निरुपद्रवी वाटतो आणि प्रत्येक मालक त्याच्यापुरता बरोबर असतो. सगळ्यांचा मिळून परिणाम कुणाच्याच नावावर लागत नाही. हा हिशेब सार्वजनिक कायद्यानेच मांडायचा असतो.

अमेरिकेने तो मांडला होता. १९६९ मध्ये क्लीव्हलँड शहरातल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाला आग लागली. १९७२ मध्ये स्वच्छ पाणी कायदा आला, तोही अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार काँग्रेसने मोडून काढल्यावर. त्याच्या कलम ४०४ प्रमाणे संघराज्याच्या ‘पाण्यांत’ भराव घालायचा तर परवाना लागतो. १९७७ च्या दुरुस्तीत या पाण्यांच्या लगतच्या पाणथळींचा उल्लेख आला. पुढचे सारे भांडण ‘लगत’ म्हणजे किती लगत, एवढ्यावर झाले. पहिला मोठा खटलाही तलावाकाठचाच होता. मिशिगनमध्ये सेंट क्लेअर सरोवराजवळच्या ८० एकर दलदलीत एका बांधकाम कंपनीने भराव घालायला घेतला होता. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सरकारची बाजू घेतली : पाणी आणि जमीन यांच्यामध्ये निसर्ग स्पष्ट रेघ मारत नाही, तेव्हा ती कुठे मानायची हे जाणकार खात्यावर सोडणे योग्य.

ही समज एकवीस वर्षे टिकली. २००६ च्या रापानोस खटल्यात न्यायाधीश चार, एक आणि चार असे फुटले. न्या. स्कॅलिया यांनी पृष्ठभागावर सलग जोड दिसला पाहिजे असे म्हटले, न्या. केनेडी यांचे म्हणणे होते की पाणथळीचा मोठ्या जलाशयाच्या प्रकृतीशी लक्षणीय संबंध असला की पुरे. पुढे खात्याने बहुतेक केनेडींची कसोटी चालवली. सॅकेट यांच्याबाबतही ईपीएचे म्हणणे तेच होते : हा प्लॉट आणि शेजारची मोठी दलदल एकत्र धरा, दोन्ही मिळून प्रीस्ट लेकच्या जीवनावर परिणाम करतात.

सॅकेट यांच्या तक्रारीचा एक भाग मला पूर्ण पटतो. ईपीएने त्यांना भराव काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. न पाळल्यास दिवसाला ४०,००० डॉलरहून अधिक दंडाची टांगती तलवार होती. त्यांनी सुनावणी मागितली तर खाते म्हणाले, या आदेशाला आत्ता आव्हान देता येत नाही. म्हणजे दंड साचू द्यायचा आणि खाते कोर्टात ओढेल त्याची वाट पाहायची. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी ठरवले की नागरिकाला लगेच दाद मागता आली पाहिजे. हा निकाल न्याय्यच होता. पाणथळ वाचवणाऱ्यांनी मालकाचा सुनावणीचा हक्क नाकारू नये. ज्याचे म्हणणे ऐकलेच नाही तो कायदा पाळत नाही, फक्त घाबरतो, आणि संधी मिळताच कायदाच मोडून काढायला निघतो. या खटल्यात नेमके तेच झाले.

२५ मे २०२३ चा दुसरा निकाल. प्लॉट कायद्याच्या कक्षेत येत नाही यावर नऊही न्यायाधीशांचे एकमत होते. कसोटी कोणती, यावर मात्र पाच विरुद्ध चार. न्या. अलिटो यांनी लिहिलेल्या बहुमताने ठरवले की पाणथळ संरक्षित जलाशयाला पृष्ठभागावर सलग जोडलेली हवी, इतकी की पाणी कुठे संपते आणि पाणथळ कुठे सुरू होते हे सांगणे अवघड व्हावे. न्या. कॅव्हना हे एरवी बहुमतातल्या न्यायाधीशांच्याच विचारांचे समजले जातात, पण इथे त्यांनी वेगळे मत लिहिले आणि तिघी न्यायाधीश त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. त्यांचा मुद्दा सरळ होता : कायद्यात ‘लगतची’ लिहिले आहे, ‘चिकटलेली’ नाही. मधे बांध आला, वाळूची टेकडी आली, म्हणून शेजार संपत नाही. मिसिसिपीचे पूर अडवणाऱ्या बांधांपलीकडच्या पाणथळींचे काय होणार, असे त्यांनी विचारले.

मला बहुमताची कसोटी चुकीची वाटते, आणि कारण पाण्याच्या वागण्यात आहे. रस्ता माणसाने घातला. रस्त्याने वरचा प्रवाह तोडला, खालचे पाणी मातीतून सरकतच राहिले. ही कसोटी लावली तर ज्याने मधे भराव टाकून रस्ता केला, त्याच्या कृतीमुळेच पलीकडची जमीन संरक्षणाबाहेर जाते. आधीच्या भरावाने पुढच्या भरावाचा मार्ग मोकळा होतो. अमेरिकेच्या सलग मुख्य भूमीवरच्या निम्म्याहून अधिक पाणथळी १७८० ते १९८० या दोनशे वर्षांत गेल्या होत्या. आता उरलेल्यांची जबाबदारी राज्यांवर आली. कोलोरॅडोने २०२४ मध्ये स्वतःचा परवाना कायदा केला. सगळी राज्ये तसे करणार नाहीत.

भारतात रेघ वेगळ्या ठिकाणी आहे. आपले २०१७ चे पाणथळ नियम एका बाबतीत अमेरिकेहून शहाणे आहेत. ते दिसणाऱ्या पाण्यापाशी थांबत नाहीत. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचे बांधकाम त्यांनी बंद केले आहे. अपवाद फक्त बोटींच्या धक्क्याचा. अडचण वेगळी आहे. हे नियम लागू होतात ते रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना. शिवाय पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत. महाराष्ट्रात नैसर्गिक तलाव किती? नांदूरमध्यमेश्वरची पाणथळही बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळावर तयार झाली. २०२० मध्ये ती रामसर यादीत गेली म्हणून तिचे नाव निघते.

वगळलेल्या तलावांना थोडा आधार सुप्रीम कोर्टाने दिला आहे. इस्रोच्या नकाशात २.२५ हेक्टरहून मोठ्या ज्या २,०१,५०३ पाणथळी नोंदल्या गेल्या, त्यांना २०१० च्या जुन्या नियमांतल्या बंदीचे तत्त्व लावा, असे कोर्टाने २०१७ मध्ये सांगितले. त्या बंदीत भराव येतो. पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. त्याच्या काठावर महापालिकेने घेतलेला सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितले. काठ भरणारा खासगी मालक असो की पालिका, मातीला फरक पडत नाही. त्या निकालात कायद्यालाही पडला नाही.

पण २.२५ हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. गावाबाहेरचे डबके, तलावापासून तुटलेला ओला तुकडा, सॅकेट यांच्यासारखे पंचवीस गुंठे या मोजणीत येतच नाहीत. तिथे भराव पडताना दिसला तर काय करायचे, असे बऱ्याच वाचकांनी विचारले आहे. पाणथळ नियमांची वाट लांबची आहे, जवळची वाट तहसील कचेरीतून जाते. मुरूम आणि माती ही गौण खनिजे आहेत. ती काढायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो, आणि विनापरवाना असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे दंड होतो, वाहन जप्त होऊ शकते. म्हणून तक्रारीत ‘पर्यावरणाची हानी’ एवढेच लिहून थांबू नका. गट क्रमांक लिहा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहा, परवाना आणि वाहतूक पास तपासण्याची मागणी करा. सोबत त्याच जागेचा पावसाळ्यातला, तारीख दिसणारा फोटो जोडा. तो आज नसेल तर येत्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या गावच्या तलावाच्या चारही काठांवर जाऊन काढून ठेवा, भराव पडायच्या आधी.

पुढच्या भागात : केरळचा २००८ चा भातशेती व पाणथळ संरक्षण कायदा, आणि त्यात पुढे पडत गेलेल्या फटी.