दोन हात आणि लांब दांडा

1904 मध्ये इंग्लंडमधल्या सँडविच इथे वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकी गोल्फपटूने ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले. त्याच्या पटरचा, म्हणजे चेंडू भोकात ढकलायच्या काठीचा, दांडा नेहमीसारखा डोक्याच्या टाचेपाशी जोडलेला नव्हता, तो डोक्याच्या जवळपास मध्यावर बसवलेला होता. सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी 1910 मध्ये अशा पटरवर बंदी घातली, अमेरिकेने ती मानली नाही, आणि चार दशके तोच पटर अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर वैध तर दुसऱ्यावर अवैध राहिला. 1951 मध्ये दोन्हीकडचे नियम एक झाले तेव्हा बंदी उठली. आज मध्यावर दांडा असलेला पटर कुणी हाती घेतला, तर कुणाचे लक्षही जात नाही. पुढे गोल्फपटू सॅम स्नीडने ऐन उतारवयात, 1966 मध्ये, चेंडू आणि भोक यांच्यातल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून क्रोकेसारखा चेंडू ढकलायला सुरुवात केली, आणि 1968 पासून नियमांनी तेही बंद केले. स्नीडने दोन्ही पाय रेषेच्या एका बाजूला घेतले, तोंड भोकाकडेच ठेवले आणि खेळ चालू ठेवला. अशा तंत्रांचा मागोवा घेताना एक गोष्ट सतत जाणवते. तंत्र जन्माला येते तेव्हा त्याकडे कुणी फारसे बघत नाही. ते जिंकू लागले की मात्र त्यात अन्याय दिसू लागतो. माझ्या मते ही कसोटीच चुकीची आहे. विचारायला हवे ते एवढेच: ही वाट सगळ्यांना खुली आहे का, आणि त्या खेळात जे मुळात अवघड आहे ते या वाटेने टळते का?

पटरचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवून चेंडू मारण्याची पद्धत, म्हणजे अँकरिंग, या कसोटीवर लावून पाहण्यासारखी आहे. लांब पटर नवा नव्हता. ऑर्व्हिल मूडीने 1989 मध्ये अमेरिकेची ज्येष्ठांची खुली स्पर्धा त्यानेच जिंकली होती, आणि तेव्हा ती वयस्कांची सोय मानली गेली. मग 2011 मध्ये कीगन ब्रॅडलीने पीजीए अजिंक्यपद जिंकले, 2012 मध्ये वेब सिम्प्सनने यूएस ओपन आणि एर्नी एल्सने ब्रिटिश ओपन. लागोपाठच्या पाच मोठ्या स्पर्धांपैकी तीन अँकरिंग करणाऱ्यांकडे गेल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बंदीचा प्रस्ताव आला, मे 2013 मध्ये तो मंजूर झाला आणि 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. मधल्या काळात ॲडम स्कॉटने लांब पटर छातीशी धरून मास्टर्सही जिंकली. नियमकर्त्यांचे समर्थन प्रामाणिक होते, हे मान्य केले पाहिजे. अँकरिंगने फटके कमी होतात असा दावा त्यांनी केलाच नाही. काठी दोन्ही हातांनी मोकळी फिरवणे हा गोल्फच्या फटक्याचा गाभा आहे, असे ते म्हणाले. खेळाची व्याख्या करण्याचा अधिकार त्यांचाच आहे. पण मग पटरचा दांडा पुढच्या हाताला, कोपराखाली, घट्ट चिकटवून खेळणे वैध कसे राहिले? ब्रायसन डीशँबोने 2020 ची यूएस ओपन त्याच पद्धतीने जिंकली. पोट आणि हात यांच्यात रेघ ओढण्यामागे तत्त्वापेक्षा नजरेची सवय जास्त आहे, असे मला वाटते.

हीच कसोटी बोलिंगलाही लावून पाहू. बोलिंग म्हटले की आपल्याकडे क्रिकेट आठवते. इथे प्रश्न आहे तो लेनवर दहा पिना पाडण्याच्या टेनपिन बोलिंगचा. त्यात फिनलंडचा ओस्कु पालेर्मा आणि ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावचा जेसन बेलमाँटे यांनी दोन हातांची पद्धत जगापुढे आणली. अंगठा चेंडूच्या भोकात घालायचाच नाही. दुसरा हात चेंडूवर शेवटच्या क्षणापर्यंत ठेवायचा आणि ऐन वेळी काढून घ्यायचा. त्यामुळे चेंडूला मिळणारी फिरकी एका हाताने सहसा साधत नाही. चेंडू जास्त वळतो, पिनांत तिरका शिरतो आणि स्ट्राइकसाठी, म्हणजे एकाच फेकीत दहाही पिना पाडण्यासाठी, जास्त जागा मिळते. म्हणजे फायदा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. 2019 मध्ये बेलमाँटेने अकरावे मोठे विजेतेपद मिळवून अर्ल अँथनी आणि पीट वेबर यांचा दहाचा विक्रम मागे टाकला, तेव्हा कुरबुरी करणाऱ्यांना पुरावा हाती आल्यासारखे वाटले असणार. पण फायदा आणि अन्यायी फायदा यांत फरक आहे. चेंडू तोच, त्याची 16 पौंडांची मर्यादा तीच, 60 फुटांची लेन तीच. दोन हातांनी खेळणाऱ्याला कंबरेतून खोल वाकावे लागते, आणि इतकी फिरकी सांभाळून नेम धरणे ही स्वतंत्र विद्या आहे. खेळाची अवघड बाजू इथे टळत नाही, ती फक्त जागा बदलते. शिवाय ईजे टॅकेट एका हातानेच खेळतो, आणि 2023 व 2024 अशी दोन्ही वर्षे तोच अमेरिकी व्यावसायिक मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने 2020 मध्ये चेंडूत समतोलासाठी पाडायच्या जादा भोकांवर बंदी घातली, पण खेळाडूच्या हातांना हात लावला नाही. चेंडू फार बलवान होत असेल तर चेंडूच आवरायचा, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

अँकरिंगविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. जवळून चेंडू भोकात ढकलताना हात थरथरणे हीच गोल्फची परीक्षा, आणि पटर शरीराला टेकवणारा त्या परीक्षेतून सूट घेतो. हा मुद्दा मी हलका मानत नाही. तो खरा ठरला असता तर बंदी योग्यच ठरली असती. तो ताडून पाहायचा तर गोल्फपटू बर्नहार्ड लँगरकडे बघावे. हाताच्या या थरथरीने त्याला तरुणपणापासून छळले, आणि लांब पटर त्याचा आधार बनला. बंदीनंतर त्याने तोच पटर ठेवला, फक्त वरचा हात छातीपासून दूर घेतला. 2017 मध्ये काहींनी त्याच्यावर शंका घेतली, तेव्हा नियमकर्त्यांनी नियमभंग झालेला नाही असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी त्याने ज्येष्ठांच्या तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. जुलै 2023 मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ज्येष्ठांची यूएस ओपनही त्याने जिंकली, आणि तेव्हाही हातात लांब पटरच होता.