सॅम्पल कुठून घेतला? विजय बारसेंची गोष्ट आणि माझी संत्र्याची झाडं

पीएचडीच्या मुलाखतीत "सॅम्पल कसा घेणार?" हा प्रश्न हमखास येतो. आपण "रँडम" म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो.

आज हा मुद्दा नागपूरच्या फुटबॉलवरून समजून घेऊ. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजमध्ये क्रीडा शिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी या मुलांसाठी स्पर्धा ठेवली, तर १२८ संघ आले! यातूनच 'स्लम सॉकर' उभी राहिली. २०१६ मध्ये तिला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. 'झुंड' (२०२२) हा सिनेमा याच कामावर बेतलेला आहे.

आता संशोधक म्हणून बघा. ही पोरं आधीही खेळतच होती, पण खेळाडू शोधायचे ते शाळा-क्लबच्या यादीतून, आणि या यादीत ती नव्हतीच. ज्या यादीतून आपण नमुने उचलतो तिला 'सॅम्पलिंग फ्रेम' म्हणतात. फ्रेमच अपुरी असेल तर त्यातून कितीही रँडम उचला, जे बाहेर राहिलं ते बाहेरच राहतं.

यादीत नाव असूनही गडबड होते. कॅनडात ज्युनियर आइस हॉकीची वयोगटाची सीमा १ जानेवारी असायची. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त आहेत. कारण साधं आहे. जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षभर मोठा. निवडणाऱ्याला वाटतं गुणवत्ता दिसली, प्रत्यक्षात दिसतं वय.

आता माझी फजिती. मोर्शीकडच्या संत्रा बागांत डिंक्या रोग किती, हे मला मोजायचं होतं. उभ्या झाडांना नंबर दिले, रँडम झाडं निवडली, रोग कमी निघाला. मी खुश! गाइडनी एकच विचारलं, "उपटलेली झाडं कुठं आहेत?" बागवाल्या काकांना विचारलं तर ते हसले, "मेलेलं झाड वावरात कोन ठेवते बाप्पा?" जास्त रोगट झाडं माझ्या यादीत येण्याआधीच सरणाला गेली होती. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. या वेळी सुरुवात रिकाम्या खड्ड्यांपासून केली.

एक सावधगिरी मात्र ठेवा. बारसेंच्या मैदानावरचा अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. गोष्ट खरी आणि मोठी आहे. पण ती आपल्यापर्यंत पोचली, कारण तो पुढे गेला. जे गेले नाहीत त्यांची नोंद आपल्याकडे आहे का? एका यशावरून पद्धत सिद्ध होत नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना 'रँडम' शब्दाच्या आधी एक ओळ लिहा : माझ्या यादीत कोण नाही, आणि का नाही?