ना झेंडा, ना पॅनल: गडचिरोली-चंद्रपुरात मतदारांच्या मदतीला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एप्रिल २०२४. लोकसभेचा पहिला टप्पा तोंडावर आला होता. गडचिरोली जिल्ह्यात निवडणूक कर्मचाऱ्यांचं एक पथक अहेरीहून निघालं आणि १०७ किलोमीटर जाऊन सिरोंचाला पोचलं. काम काय, तर दोन मतं नोंदवून घ्यायची. एक मतदार १०० वर्षांचे, दुसरे ८६ वर्षांचे. दोघांनी घरबसल्या मतदान केलं आणि पथक परत फिरलं.

ही बातमी तेव्हा बरीच फिरली. कर्मचाऱ्यांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण असं पथक आपोआप दारात येत नाही. ८५ वर्षांवरच्या किंवा किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदाराला घरून मत द्यायचं असेल, तर '१२-डी' नावाचा अर्ज भरावा लागतो. तोही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत. त्या वेळी आपल्याकडे अधिसूचना २० मार्चला निघाली आणि मध्येच होळी आली. म्हणजे ज्या आजोबांना हे वेळेत सांगणारं कुणी होतं, त्यांना घरून मत देता आलं. ज्यांना नव्हतं, त्यांच्यापुढे उन्हातान्हात केंद्र गाठणं किंवा घरी बसणं एवढेच दोन पर्याय होते.

मतदारांना मदत करणारा स्वयंसेवक म्हणजे हे वेळेत सांगणारा माणूस.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या कॉलेजात तर दर निवडणुकीत मतदान जागृती होते. रांगोळी असते, रॅली असते, शपथ असते, सेल्फी पॉइंट असतो. असू द्या. पण एक आकडा बघा. १९ एप्रिल २०२४ ला, एकाच दिवशी, नागपूर मतदारसंघात साधारण ५४ टक्के मतदान झालं आणि गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के. गडचिरोलीतल्या बहुतेक केंद्रांवर मतदान दुपारी ३ वाजताच थांबतं, काही ठिकाणी कर्मचारी हेलिकॉप्टरने न्यावे लागतात आणि माओवाद्यांच्या बहिष्काराची पत्रकं इथे वर्षानुवर्षं लागत आली. तरीही ७२ टक्के. त्यामुळे मतदानाचं महत्त्व पटवायचंच असेल, तर रॅली नागपुरात काढावी. इथल्या माणसाला इच्छा आहे. तो अडतो तो कागदावर, तारखेवर आणि अंतरावर.

यादीत नाव आहे, पण 'आपलं' नाव आहे का?

सगळ्यात मोठं काम मतदारयादीचं, आणि ते निवडणूक नसताना करायचं असतं. गावात यादी घेऊन बसलं की अडचणी एकेक करून बाहेर येतात. पोरगी लग्न होऊन भामरागडहून एटापल्लीला आली, नाव माहेरीच राहिलं. पोरगा १८ चा झाला, पण जन्माचा दाखलाच नाही. आडनाव आधारवर 'आत्राम' आणि यादीत 'अत्राम'. म्हातारा वारून चार वर्षं झाली, यादीत अजून हयात.

यातल्या प्रत्येकावर अर्ज वेगळा. नवीन नाव नोंदवायला नमुना ६. पत्ता बदलला, दुरुस्ती हवी किंवा कार्ड हरवलं तर नमुना ८. नाव वगळायला किंवा कुणाच्या नावावर हरकत घ्यायला नमुना ७. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण असणं ही एकच अट होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे वर्षभर थांबावं लागत नाही. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीपुरतं यादीत नवं नाव जात नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून उपयोग नसतो, तो यासाठी.

बाईच्या नावाचा प्रश्न तर पहिल्या निवडणुकीपासूनचा. १९५१-५२ ची यादी तयार होताना देशभरात सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी ओळख दिली, आणि त्यांची नावं यादीत राहू शकली नाहीत. आज बाई नाव सांगते. पण लग्नानंतर नमुना ८ कुणी भरायचा, हे सासरी कुणाच्या ध्यानातच नसतं.

स्वयंसेवकाने इथे दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवायच्या. एक, गावभरचे अर्ज गोळा करून गठ्ठा नेऊन द्यायचा नाही. आयोग असे गठ्ठे घेत नाही, घरच्या माणसांचे सोडले तर. मतदाराने अर्ज स्वतः द्यायचा, आपण बाजूला बसून भरायला मदत करायची. दोन, जन्मतारीख अंदाजाने टाकायची नाही. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते, आणि अर्जावर सही किंवा अंगठा आपला नसून त्या मतदाराचा असतो. चुकलो आपण, अडकणार तो.

नावातल्या किरकोळ चुकांची मात्र भीती घालू नका. ओळख पटत असेल तर कानामात्रेच्या फरकावरून मतदाराला परत पाठवायचं नाही, असं आयोगाचंच सांगणं आहे. दुर्गम गावातल्या माणसाला हे ठाऊक नसतं. 'कागद चूक आहे' असं कुणी म्हटलं की तो वाद घालत नाही, मुकाट घरी जातो.

भाषेचंही तसंच. या दोन जिल्ह्यांत गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी बोलणारी गावं आहेत. राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी दोन, माडिया गोंड आणि कोलाम, इथे राहतात. भामरागडच्या गावात शुद्ध मराठीतलं पत्रक वाटण्यापेक्षा माडिया बोलणारी एक मुलगी शंभर पटीने कामाची.

मतदानाच्या दिवशी काय करायचं, काय नाही

एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात. त्याच दिवसांत कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. केंद्र ७ ला उघडतं, ३ ला बंद होतं. शहरात 'संध्याकाळी ऑफिसवरून येताना टाकू मत' चालतं, इथे नाही. म्हणून वेळ सांगणं, चिठ्ठीवरचा केंद्राचा पत्ता वाचून दाखवणं, मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, जॉब कार्ड असे इतर पुरावे चालतात हे सांगणं, ही आदल्या आठवड्याची कामं.

प्रत्यक्ष दिवशी कायदा कडक आहे आणि स्वयंसेवकालाही लागू आहे. केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार नाही. टोपी, गमछा, रिस्टबँड, कशावरही चिन्ह नको. अंध किंवा शारीरिकदृष्ट्या अशक्त मतदाराला बटण दाबण्यासाठी १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. पण एका दिवसात एका माणसाने एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. 'मी सगळ्या म्हाताऱ्यांना आत घेऊन जातो' म्हणणारा उत्साही कार्यकर्ता दिसला, की समजायचं काहीतरी गडबड आहे. केवळ लिहिता-वाचता येत नाही म्हणूनही सोबती मिळत नाही. त्यासाठी चिन्हं आहेतच.

आणि गाडी. हा सगळ्यात नाजूक विषय, कारण जंगलात केंद्र लांब असतं. दोन किलोमीटरच्या आत केंद्र असावं असा सर्वसाधारण निकष आहे, पण एटापल्ली-भामरागडच्या डोंगरात तो दरवेळी जमत नाही. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणीही मतदारांना फुकट वाहनाने नेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे. तुम्ही कितीही निःपक्ष असा, गाडी कुणाची आणि डिझेल कुणाचं हा प्रश्न येणारच. म्हणून आपल्या मनाने जीप न लावता आधी तहसील कार्यालयात विचारायचं. गंमत म्हणजे याच कलमात एक सवलत आहे: मतदारांनी आपसात पैसे काढून वाहन किंवा नाव भाड्याने घेतली तर चालते, फक्त ती यंत्रावर चालणारी नसावी. म्हणजे बंडी चालेल, डोंगा चालेल. १९५१ चा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठला तरी असाच मुलूख असणार.

दारू

आता अवघड भाग. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला ती लागली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, निवडणुकीत दारू पोचते, हे गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. आदल्या रात्रीची बाटली सकाळच्या मताचा हिशेब करून जाते, आणि घरातली मारहाण वेगळीच.

यावर गडचिरोलीत जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने बघण्यासारखं आहे. २०१६ पासून इथे 'मुक्तिपथ' हे दारू आणि तंबाखूविरोधी अभियान चालतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते सुरू केलं. या अभियानाने निवडणुकांच्या काळात 'दारूमुक्त निवडणूक' ही मोहीम काढली. पद्धत सोपी: गावाने ठराव करायचा की आमच्याकडे निवडणुकीत दारू वाटू देणार नाही, आणि सगळ्या पक्षांच्या उमेदवारांकडून तसं लेखी वचन घ्यायचं. कुणाला मत द्या किंवा देऊ नका, हे सांगायचं नाही.

वचनपत्राला कायद्याचं बळ नाही, हे खरं. पण कायद्याचं तरी किती आहे? मतासाठी लाच देण्याला भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैद आहे. मात्र ती लाच खाणं, पिणं किंवा करमणुकीच्या रूपात असेल, तर शिक्षा फक्त दंडाची. म्हणजे पाचशेची नोट दिली तर तुरुंगाची शक्यता, आणि पार्टी दिली तर पावती. अशा वेळी चौकात सगळ्यांसमोर केलेली सही उमेदवाराला जास्त जड जाते, असं मला वाटतं. निदान गावातल्या बायकांना रात्री गाडी अडवताना हातात कागद तरी असतो.

गाडी अडवणं मात्र गावाच्या संघटनेचं काम, बाहेरून आलेल्या एकट्या पोराचं नाही. तुम्ही 'सी-व्हिजिल' ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकू शकता. त्यावर १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते आणि नाव न देताही तक्रार करता येते. पण जंगलात रेंज नसते, म्हणून १९५० हा क्रमांक आणि जवळच्या ठाण्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

निःपक्ष राहणं कुठे कठीण जातं

लोकसभेला सोपं असतं. ग्रामपंचायतीला पक्षांची चिन्हं नसतात, पॅनल असतात, आणि एखाद्या पॅनलमध्ये तुमचा काका असतो. तेव्हा आपल्या वॉर्डात काम न करता शेजारच्या गावात जाणं हा साधा उपाय.

जिवती तालुक्यातली गोष्ट आणखी गुंतागुंतीची. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या १४ गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगत आली. १९९७ मध्ये ती महाराष्ट्राची ठरली, तरी कितीतरी लोकांकडे दोन्हीकडची कार्डं आहेत आणि ते दोन्हीकडे मत देत आले. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असावं लागतं. पण दोन्ही राज्यांकडून रेशन आणि योजना मिळत असताना 'एक नाव काढून टाका' असं स्वयंसेवकाने कुठल्या तोंडाने सांगायचं? नियम समजावून सांगायचा आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

सुरुवात कुठून करायची?

कॉलेजात असाल तर निवडणूक साक्षरता मंडळ किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट बघा. गोंडवाना विद्यापीठ या दोन्ही जिल्ह्यांचं आहे, तिथल्या बहुतेक कॉलेजांत यातलं काही ना काही असतं. नसाल तर आपल्या केंद्राच्या बीएलओला गाठा. त्या बहुतेकदा गावातल्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, हातात हजारभर नावं आणि आधीची नोकरी. 'ताई, या टोल्यावरची घरं मी फिरून येतो' म्हटलं तर नाही म्हणणार नाहीत. यादी घ्या, ८५ च्या पुढची नावं आधी शोधा, आणि १२-डी चा अर्ज घोषणा होण्याआधीच त्यांना दाखवून ठेवा. अधिसूचना निघाल्यावर पाच दिवस असतात, आणि त्यात एखादा सण असतोच.