डिपर मारा, दार उघडा!

मित्रांनो, गॅरेजचं दार रिमोटने उघडायची सोय ज्याने कुणी काढली, त्याच्या डोळ्यांसमोर कारच असणार. अमेरिकेत अशी दारं घरोघरी दिसतात आणि त्यांचा रिमोट गाडीत डोक्यावरच्या ऊन अडवायच्या झडपेला क्लिपने अडकवलेला असतो. हात वर केला, बटण दाबलं, काम झालं. बाइकवाल्याला मात्र ना झडप, ना मोकळा हात! आता आपल्याकडेही बंगल्यांना आणि रो-हाउसना मोटरची शटर्स, सरकती गेट्स बसतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याही दाराशी आलाच.

माझ्या घरी शटरसमोर चढाचा रॅम्प आहे. उजवा हात ऍक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर, डावा क्लचवर. रिमोट जर्किनच्या आतल्या खिशात, त्यावर रेनकोट, हातात ग्लोव्हज. खिसा चाचपायचा तर न्यूट्रल करा, स्टँड लावा, उतरा आणि तोवर छान भिजा. रिमोट वेल्क्रोने हँडलला चिकटवता येतो, पण मग पार्किंगमध्ये गाडी लावणं म्हणजे घराची किल्ली हँडलला टांगून जाणं. चालत्या गाडीवर मोबाईल काढायचा तर विषयच नको.

यावरचा उपाय आपल्या अंगठ्या-बोटाखालीच असतो. डाव्या मुठीजवळचं डिपरचं बटण! हाय बीम दोनदा चमकवला की दार उघडतं, अशी तयार किट्स अमेरिकेत विकली गेली आहेत. आपल्यालाही ते जमण्यासारखं आहे. हाय बीमच्या वायरवरून सिग्नल घ्यायचा आणि त्याने रिमोटचं बटण 'दाबायचं'. मी मध्ये पीसी८१७ हा ऑप्टोकपलर घातला, म्हणजे गाडीचं वायरिंग आणि रिमोट यांचा विजेचा संबंधच राहत नाही. ऑप्टोच्या आतल्या एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात, १० मिलिअँपिअर पुरतात. म्हणून (१२ - १.२) भागिले १० मिलिअँपिअर, म्हणजे साधारण १ किलोओहम. चार्जिंग चालू असताना १४.४ व्होल्ट आले तरी करंट १३ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, चिंता नाही.

एक मात्र आधी मल्टिमीटरने तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. ऑप्टोचा एलईडी उलटा व्होल्टेज फक्त ६ व्होल्टपर्यंत सोसतो, म्हणून सिरीजमध्ये एक १एन४००७ डायोड टाकाच. रिमोट त्याच्या स्वतःच्याच सेलवर चालू द्या. प्लॅस्टिकच्या बंद डबीत, सीटखाली, लोखंडापासून थोडा दूर ठेवा, नाहीतर रेंज मार खाते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हे वाचून कुणीतरी म्हणेल, "रिमोट कशाला फोडायचा? माझ्याकडे प्रोजेक्टचा एचटी१२ई आणि ४३३ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल पडलंय!" बाबांनो, व्हायवापुरतं ठीक आहे, घराला नको. एचटी१२ईला पत्त्याचे बिट ८, म्हणजे एकूण पत्ते २५६. अर्ध्या सेकंदाला एक करून पाहिला तरी सगळे संपायला १२८ सेकंद लागतात. आपल्या चहाचा पहिला कपही संपत नाही! शिवाय कोड दरवेळी तोच, त्यामुळे एकदा हवेतून पकडला की कुणीही पुन्हा वाजवू शकतो.

चांगल्या रिमोटमध्ये कोड दर दाबणीला बदलतो. उदाहरणार्थ, मायक्रोचिपचा एचसीएस३०१ दरवेळी ६६ बिट पाठवतो, त्यातले ३२ एन्क्रिप्ट केलेले. आत एक काउंटर असतो, तो प्रत्येक दाबणीला पुढे सरकतो आणि रिसिव्हर मागचा कोड स्वीकारत नाही. ही पद्धतही अभेद्य नाही, २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तिचं कुलूप फोडून दाखवलं. पण आपल्या २५६ पत्त्यांपेक्षा कितीतरी बरी. म्हणून रेडिओ आपण बनवायचा नाही, फक्त बटण बनवायचं.

या काउंटरमुळे एक गंमत होते. घाटात आपण शंभर वेळा डिपर मारतो. प्रत्येक वेळी रिमोट दाबला गेला तर काउंटर एकटाच पुढे पळत सुटतो. रिसिव्हर साधारण पुढच्या १६ कोडपर्यंत लगेच ऐकतो, त्यापलीकडे गेलं की लागोपाठ दोनदा दाबल्यावरच जुळवून घेतो. म्हणून मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर हवा. दोन सेकंदांत दोन डिपर आले तरच रिमोट दाबायचा, हाय बीम सलग चालू असेल तर दुर्लक्ष करायचं. असं केलं की घाटातले सुटे डिपर आपोआप गाळले जातात.

उघडण्याइतकंच बंद होणंही बघा. बहुतेक रिमोटवर एकच बटण उघड-थांब-बंद अशी तिन्ही कामं करतं. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती यंत्रांना दारात माणूस सापडू नये म्हणून प्रकाशकिरणाचा सेन्सर किंवा तशी दुसरी सोय सक्तीची आहे. हा किरण जमिनीपासून जेमतेम १५ सेंटीमीटरवर असतो. कारची चाकं, माणसाचे पाय त्याला अडवतात. पण बाइक बरोबर दारात थांबली तर किरण इंजिनाखालून, दोन चाकांच्या मधून आरपार जाऊ शकतो. दाराला वाटतं वाट मोकळी आहे! म्हणून दार पूर्ण उघडल्याशिवाय आत शिरायचं नाही, दारात थांबायचं नाही आणि आपोआप बंद होण्याचा टायमर बाइकवाल्याने बंदच ठेवायचा.

शेवटचं, गाडी चोरीला गेली तर घराची किल्लीही गेली. त्यामुळे सीटखाली घराचा पत्ता असलेले कागद ठेवू नका. गाडी विकली किंवा हरवली तर त्याच दिवशी रिसिव्हरच्या मेमरीतून तो रिमोट पुसून टाका. गॅरेजमधून घरात जाणाऱ्या दाराला साधी कडी असू द्याच.

तर मंडळी, सबमिशन आटोपली की सोल्डरिंग गन गरम करा. सर्किट एका संध्याकाळचं आहे, पण दार आपल्याला उघडेल आणि दुसऱ्याला नाही, एवढी काळजी घेणं हेच यातलं खरं इंजिनिअरिंग!